दप्तर आणि रंगभूमी: इतिहासाचार्य राजवाडे यांच्या चरित्राची प्रस्तावना

पांझरेच्या काठी वसलेल्या धुळे शहरात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा देहान्त झाला, आणि दुःखाचा पहिला वेग ओसरतो न ओसरतो तोच, १९२७ च्या जानेवारीत, धुळ्यातील त्यांच्या स्नेह्यांनी व अनुयायांनी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे केले. थोर पुरुषाच्या पश्चात त्याचा पुतळा उभारण्याची हौस आपल्याकडे सर्वत्र आढळते. पण त्याने जन्मभर गोळा केलेल्या कागदांवर छप्पर घालण्याची त्वरा क्वचितच आढळते, आणि ती खानदेशासारख्या, पुण्याच्या विद्वत्परिषदांपासून दूर, कापूस आणि ज्वारीच्या उत्पन्नावर जगणाऱ्या प्रांताने दाखवावी, ही गोष्ट या प्रांतातील प्रत्येकाने अभिमानाने स्मरावी अशी आहे. प्रस्तुत चरित्र वाचकांच्या हाती देताना राजवाड्यांचे व्याकरण, त्यांची समाजशास्त्रीय अनुमाने आणि त्यांचे प्रख्यात वाद यांचा परामर्श मी फारसा घेणार नाही, कारण त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कागद जपणारा, कागदासाठी वणवण करणारा आणि कागदापुढे स्वतःच्या सुखाची मातब्बरी न बाळगणारा जो दप्तरी त्यांच्या ठायी वास करीत होता, त्याचीच ओळख करून देण्याचा माझा हेतू आहे. आणि त्या ओळखीतून आपल्या रंगभूमीच्या इतिहासाविषयी एक निकडीची गोष्ट मला सांगावयाची आहे.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथला. पितृछत्र लहानपणीच हरपले, शिक्षण पुण्यास झाले, डेक्कन कॉलेजातून पदवी मिळाली. वडील बंधू वैजनाथ काशिनाथ हे संस्कृतचे गाढे पंडित म्हणून नावाजले. विश्वनाथपंतांच्या वाट्याला मात्र सुस्थिर अध्यापनाचे आयुष्य आले नाही, किंबहुना त्यांनी ते येऊ दिले नाही. शिक्षकाची नोकरी त्यांनी थोडक्यातच सोडली, तरुण वयात पत्नी निवर्तल्यावर पुन्हा संसार मांडला नाही, परभाषांतील श्रेष्ठ ग्रंथ मराठीत आणण्यासाठी 'भाषांतर' नावाचे मासिक काढून काही काळ चालविले, आणि जे काही लिहावयाचे ते मराठीतच लिहावयाचे हा निर्धार, इंग्रजीत लिहिले असता लौकिक व द्रव्य दोन्ही सुलभ होती त्या काळात, अखेरपर्यंत पाळला.

पण या चरित्राचा खरा आरंभ जुन्या कागदांच्या शोधापासून होतो. पेशवाई बुडाल्यावर पुण्याचे सरकारी दप्तर इंग्रजांच्या कबज्यात गेले आणि इनामांच्या चौकशीच्या कामी त्याचा उपयोग होऊ लागला. सर्वसामान्य एतद्देशीय संशोधकाला त्याचे दरवाजे बंदच होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतर बाहेर पडले, तेव्हा राजवाडे हयात नव्हते. राज्याचे मुख्य दप्तर असे कुलुपात असता राज्याचा इतिहास लिहावयाचा कशाच्या आधारे, या प्रश्नाला राजवाड्यांनी दिलेले उत्तर अत्यंत साधे आणि अत्यंत कष्टाचे होते. सरदार, कारकून, सावकार, वकील, उपाध्ये, देशमुख, कुळकर्णी या सर्वांनी दीडशे वर्षे एकमेकांना पत्रे लिहिली. त्या पत्रांचे रुमाल त्यांच्या वंशजांच्या माळ्यांवर, फडताळांत आणि कणग्यांमागे कोठे ना कोठे पडलेले असणारच. तेव्हा घरोघर जावे, मागावे, विनवावे, प्रसंगी भांडावे आणि ते मिळवावेत. काशिनाथ नारायण साने प्रभृतींनी १८७८ पासून 'काव्येतिहाससंग्रहा'त बखरी व पत्रे छापून मार्ग दाखविला होता, हे खरे; परंतु त्या मार्गावरून गावोगाव पायपीट करून त्याचा राजमार्ग करणारे राजवाडेच होत. वाई येथे मिळालेल्या पत्रांच्या बळावर त्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या संहारापर्यंतच्या घडामोडींचा पत्रव्यवहार दिला, आणि पुढील वीस वर्षांच्या आत अशा बावीस खंडांची रास उभी केली.

हे काम कोणत्या प्रकारचे असते याची कल्पना ज्याने जुना रुमाल सोडलेला नाही त्याला येणे कठीण, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. जाडाभरड्या कापडात बांधलेला गठ्ठा उलगडला की प्रथम धूळ आणि कसरीचा चुरा हाताला लागतो; मग अरुंद, लांबट, एकमेकांस चिकटलेले बंद; त्यांवर बोरूने, हात न उचलता, ओढत नेलेली मोडी अक्षरे, ज्यांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द कोठे तुटतो याची खूण नाही, आणि घाईच्या कारकुनाचा हात असला तर एका वळणाचे तीन प्रकारे वाचन संभवते. आरंभी नमस्कार-आशीर्वादाचा मायना, शेवटी 'बहुत काय लिहिणे' आणि मोर्तब, पाठीवर पत्र पोचल्याची पैवस्ती. तिथीच्या जागी बहुधा 'छ' हे अक्षर, त्यापुढे चंद्राचा आकडा आणि मुसलमानी महिन्याचे नाव. साल मात्र पुष्कळदा नाहीच, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू साल कोणते हे सांगण्याचे प्रयोजन नव्हते. दीडशे वर्षांनंतरच्या वाचकाला मात्र त्या एका अनुल्लेखापायी सारे पत्र अधांतरी लोंबकळताना दिसते. जमादिलाखर महिन्याची अमुक तारीख असे कागदावर आहे. ती पौषात पडते की माघात, हे वर्षावर अवलंबून. तेव्हा पत्रात लष्कराचा मुक्काम कोठे सांगितला आहे, कोणता सरदार हयात आहे, कोणता ऋतू सूचित होतो, वार दिला असल्यास तो तिथीशी जुळतो काय, या सर्वांची सांगड घालून वर्ष ठरवावयाचे. आणि एका पत्राचे वर्ष ठरले की त्याच्या आधाराने शेजारच्या दहा पत्रांची जागा लावावयाची. पानिपतचा रणदिवस शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीस, बुधवारी, १४ जानेवारी १७६१ रोजी आला, हे आज शाळेतील मूलही घोकते. परंतु त्या दिवसाच्या मागेपुढे कोणती चिठ्ठी कोणत्या मुक्कामावरून सुटली, रसद कोठे अडली आणि वार्ता दक्षिणेत कशी उतरली, ही साखळी अशाच रात्रंदिवसाच्या जुळणीतून हाती आलेली आहे.

राजवाड्यांचा या बाबतीतील दंडक असा की, कागद जसाच्या तसा छापावा. यात राजकारण आहे म्हणून हा महत्त्वाचा, त्यात केवळ कापडाचा भाव आणि मुलीच्या लग्नाचा खर्च आहे म्हणून तो टाकाऊ, अशी निवड करण्याचा अधिकार संपादकाला नाही. कारण पुढच्या पिढीचा प्रश्न काय असेल हे त्याला आज ठाऊक नसते. हा विचार त्या काळी नवा होता, आणि माझ्या मते राजवाड्यांच्या सर्व कर्तृत्वात हाच सर्वांत टिकाऊ ठरला आहे. त्यांच्या व्युत्पत्तींपैकी कित्येक पुढील भाषाशास्त्रज्ञांनी मान्य केल्या नाहीत. संतांविषयीचे त्यांचे कठोर निवाडे आज जसेच्या तसे कोणी स्वीकारणार नाही. एका कागदावरून उंच अनुमानाची झेप घेण्याचा त्यांना मोह होता, आणि मतभेद झाला की संबंध तोडण्याइतका त्यांचा स्वभाव तापट होता. सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह ७ जुलै १९१० रोजी पुण्यास ज्या भारत इतिहास संशोधक मंडळाची त्यांनी स्थापना केली, त्या मंडळापासूनही ते पुढे दूर झाले. चरित्रकाराने हे दोष झाकू नयेत. परंतु अनुमाने खोटी ठरली तरी कागद खोटे ठरले नाहीत, ही गोष्ट त्यांचे कठोरात कठोर टीकाकारही नाकारू शकत नाहीत.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ते धुळ्यास आले, आणि येथे त्यांना दप्तराचे मोल जाणणारी माणसे भेटली. समर्थ रामदासांच्या वाङ्मयासाठी जन्म वाहिलेले शंकर श्रीकृष्ण देव यांनी याच शहरात १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभेचा पाया घातला होता. मठामठांतून हिंडून रामदासी बाडे जमविली होती. डोमगाव मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून १९०५ साली दासबोध छापून काढला होता. त्यांच्या संग्रहाचे निवासस्थान म्हणजे धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर. भास्कर वामन भट यांच्यासारखे अभ्यासक राजवाड्यांच्या निकट होते. एका मध्यम वस्तीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, मामलेदार कचेरी आणि कापसाच्या वखारी यांच्या शेजारी, संताच्या बाडांचे एक आणि राज्याच्या कागदांचे एक अशी दोन विद्यामंदिरे नांदावीत, याला महाराष्ट्रात जोड सापडणे कठीण आहे. राजवाड्यांच्या पश्चात धुळ्याच्या मंडळाने 'संशोधक' हे नियतकालिक चालविले, त्यांच्या टिपणांतून धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश हे ग्रंथ प्रसिद्ध केले. ते संपादणारे कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी पुढे १९५२ साली खानदेशातल्याच अमळनेर येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, याचाही येथे मुद्दाम निर्देश करतो.

आता रंगभूमीचा प्रश्न. नाटक ही कला अशी की, पडदा पडला की ती संपते. चित्र राहते, मूर्ती राहते, पद्य पाठ करता येते, पण नटाचा आवाज आणि त्याची दृष्टी त्याच रात्री लय पावते. म्हणून रंगभूमीचा इतिहास आठवणींवर लिहिण्याची प्रथा पडली, आणि आठवणी या स्वभावतःच प्रेमळ व अतिशयोक्त असतात. फ्रान्स देशात एकोणिसाव्या शतकात या प्रथेला जे वळण मिळाले ते आपल्या विचारार्थ येथे मांडणे अवश्य वाटते. मोलियेर हा त्यांचा सर्वश्रेष्ठ प्रहसनकार १६७३ च्या फेब्रुवारीत वारला, आणि त्याच्या हातची हस्तलिखिते जवळजवळ काहीच उरली नाहीत. दोनशे वर्षे त्याचे चरित्र दंतकथांवर जगले. पुढे व्हर्सायच्या संग्रहालयाचे रक्षक सुलिए यांनी पॅरिसच्या लेखप्रमाणकांची जुनी दप्तरे चाळली आणि मोलियेरच्या मृत्यूनंतर त्याच्या घरातील चीजवस्तूंची जी कायदेशीर यादी झाली ती शोधून काढून १८६३ साली प्रसिद्ध केली. त्या रुक्ष झडतीत नाटकाचे पोशाख एकेक करून नोंदलेले आहेत. 'मिझान्थ्रोप' नाटकातील नायकाचा हिरव्या फितींनी सजविलेला पोशाखही त्या यादीत आहे. मोलियेरच्याच नाटक मंडळीतील ला ग्रांज नावाच्या नटाने १६५९ पासून रोजच्या खेळाची आणि उत्पन्नाची वही ठेवली, आणि मोलियेर वारला त्या दिवशी त्या हिशेबात एक काळी चौकट काढून त्याच्या मृत्यूची नोंद केली. राष्ट्रीय अभिलेखागारातील एमिल काम्पार्दाँ यांनी तर पोलीस अधिकाऱ्यांकडे आलेल्या फिर्यादींचे गठ्ठे सोडून १८७७ साली पॅरिसच्या जत्रांतील तमाशगिरांचा इतिहास लिहिला: कोणी कोणाला मारले, कोणी बिनपरवाना खेळ केला, कोणाचे वेतन थकले, या तक्रारींतून ज्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नव्हती असे शेकडो डोंबारी, नट आणि गायिका पुन्हा सजीव होऊन उभ्या राहिल्या. ऑपेराचे अभिलेखपाल शार्ल न्वितेर हे स्वतःच नाट्यसंहिता लिहिणारे होते. कागद आणि रंगमंच यांत त्यांना अंतर वाटले नाही.

आपल्याकडेही हे अंतर न मानणारा एक थोर पुरुष होऊन गेला. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड काढले आणि त्याच हाताने 'शिवसंभवा'सारखी नाटके लिहिली. परंतु ज्या दप्तरशास्त्राने त्यांनी राजकारणाचा इतिहास शुद्ध केला, ते रंगभूमीच्या इतिहासाला लावून पाहण्यास त्यांना अवसर मिळाला नाही. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेथपासून आपली रंगभूमी मोजली जाते. भाव्यांनी स्वतः 'नाट्यकवितासंग्रह' छापून आपली हकीकत सांगून ठेवली म्हणून तो आरंभ तरी आपल्याला निश्चित सांगता येतो. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांनी १९०३ साली 'मराठी रंगभूमी' लिहिले, श्रीनिवास नारायण बनहट्टी यांनी १९५७ साली कसोशीने साधने तपासून पहिल्या पर्वाचा इतिहास सिद्ध केला. तंजावरच्या भोसले राजांच्या नाटकांनी तर आरंभाची रेषाच मागे ढकलली. एवढे सर्व झाले, तरी नाटक मंडळ्यांच्या रोजकीर्दी, करारनामे, कर्जखते, परवान्यांचे अर्ज, तिकीटविक्रीच्या वह्या, यांचा एकत्र संग्रह करून त्यांचे खंड काढावेत, हा उद्योग राजवाड्यांच्या तोलाने कोणी केलेला नाही. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यानंतर प्रत्येक संशयास्पद नाटकामागे सरकारी कागद तयार होऊ लागला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली बंदी आली, तेव्हा त्या नाटकाचा अर्थ सरकारी अधिकाऱ्यांनी किती बारकाईने लावला होता, ते त्या कागदांवरूनच कळते. शत्रूने ठेवलेले दप्तरसुद्धा इतिहासाला उपकारक होते, हे ध्यानात असू द्यावे.

आणि खानदेशापुरते बोलावयाचे तर हा विषय येथे अधिकच निकडीचा आहे. धुळ्यास १९४४ साली साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्षपद नाटककार मामा वरेरकर यांच्याकडे होते. बालगंधर्वांचे बालपणीचे काही दिवस जळगावात गेले आणि तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे प्रारंभिक धडे घेतले, या गोष्टीचा जळगावकरांना सार्थ अभिमान आहे. कापसाच्या हंगामात हातात पैसा खुळखुळणारा हा प्रांत रेल्वेच्या रुळांवर वसलेला, त्यामुळे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव हे थांबे फिरत्या नाटक मंडळ्यांना सोयीचे होते. परंतु शहरी संगीत नाटकाची हकीकत पुण्या-मुंबईच्या ग्रंथांत तरी डोकावते; वैशाखात अमळनेरला बोरीच्या वाळवंटात सखाराम महाराजांची यात्रा भरते, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेथे राहुट्या ठोकून उभ्या राहिलेल्या तमाशाच्या फडांची हकीकत कोण लिहिणार? डफाच्या तालावर रात्र जागविणाऱ्या वहीगायनाच्या मंडळींची, अहिराणीत बतावणी करणाऱ्या सोंगाड्यांची नावे कोणत्या ग्रंथात आहेत? यांचेही कागद असतात. फडमालकाने सुपारी घेताना केलेली नोंद, कलावंतांना दिलेल्या उचलीची खतावणी, गावच्या पाटलाने दिलेली शिफारस, यात्रा कमिटीची पावती, गाण्यांनी भरलेली आणि तेलकट बोटांच्या खुणांनी मळलेली वही, हे सारे आज कोणाच्या तरी पेटीत आहे, आणि पेटीचा धनी वारला की ते रद्दीत जाते. राजवाड्यांनी ज्या तळमळीने वाईच्या माळ्यावरचा कागद वाचविला, त्या तळमळीला पात्र हे कागद नाहीत काय? सरदाराचे पत्र आणि सोंगाड्याचा हिशेब यांत दप्तराच्या दृष्टीने उच्चनीचता नाही. राजवाड्यांच्या दंडकाचा सरळ अर्थ तोच होतो, मग ते स्वतः त्या टोकापर्यंत गेलेले असोत वा नसोत.

या चरित्राच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वही फाटकी आहे म्हणून तिची पाने सुटी करू नयेत, सुटी पाने ज्या क्रमाने सापडली तो क्रम मोडू नये, चिकटलेले बंद ओले करून सोडवू नयेत, आणि पिवळेपणा घालविण्यासाठी उन्हात ठेवू नयेत. कागद कोणाचा, कोणाकडून आला, कोणत्या पेटीत होता, हे वेगळ्या कागदावर लिहून त्याच रुमालात ठेवावे. कारण मूळस्थान हरवलेला कागद अर्धा मुका होतो. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा शोधावा, तोवर कागद तसाच बांधून ठेवावा. देणगी द्यावयाची नसल्यास नक्कल करू द्यावी. खानदेशातील महाविद्यालयांत मराठीचा व इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील एकेका फडाचा, एकेका नाट्यसंस्थेचा जमाखर्च मिळवून त्याची विश्वासार्ह प्रत तयार केली, तर ती धुळ्याच्या दप्तरात शोभेल अशा योग्यतेची होईल.

पुढील पृष्ठांत राजवाड्यांची पत्रे उद्धृत करताना मूळचे शुद्धलेखन राखले आहे, शकाशेजारी इसवी सन दिला आहे, आणि जेथे तारीख अनुमानाने ठरविली आहे तेथे ती चौकटी कंसात ठेवली आहे. वाचकाने कंसातील तारखांविषयी शंका अवश्य घ्यावी आणि आधार सापडल्यास कळवावे.